पाहुणे असले की

१

भूल देणाऱ्या डॉक्टरचा कान सतत श्वासाकडे असतो. सर्जन कापतो, शिवतो, बाहेर येऊन नातेवाइकांचे नमस्कार घेतो. भूल देणारी मात्र पेशंटच्या उशाशी बसून तो श्वास कसा घेतोय एवढंच बघत असते. पडद्यावर आकडे दिसतात, पण या डॉक्टरचा पहिला भरवसा स्वतःच्या कानांवर होता. गाढ झोपलेल्याचा श्वास वेगळा, झोपेचं सोंग घेतलेल्याचा वेगळा आणि घाबरून रोखून धरलेला तर अगदीच वेगळा. हे तिला अर्धवट झोपेतही ओळखता आलं असतं.

म्हणूनच सासरच्या मागच्या खोलीत, भर दुपारी, तिने जे ऐकलं ते तिला धड मानताही येईना आणि धड झटकताही येईना.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोघांनी घेतलेल्या फ्लॅटचं काम रखडलं होतं. प्लंबर फोन उचलत नव्हता आणि उचललाच तर 'परवा नक्की' म्हणून ठेवून देत होता. तोवर सासरी राहायचं ठरलं. सासर म्हणजे झाडांच्या रस्त्यावरचं पांढरं दुमजली घर, सासूबाईंच्या वडिलांनी बांधलेलं. सासरे निवृत्त न्यायाधीश. पण "या घरातले निकाल ही देते, मी आपला घरजावई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायचे. सासूबाई कॉलेजच्या प्राचार्य म्हणून निवृत्त झालेल्या. नणंद आर्किटेक्ट, पलीकडच्याच गल्लीत राहणारी आणि रोज एकदा तरी 'सहज' डोकावणारी. सगळी शिकलेली, सुखवस्तू, पुस्तकांत वाढलेली माणसं. आणि सगळी गोरीपान.

डॉक्टर काळी होती. सावळी-बिवळी नव्हे, काळी. तिच्या पूर्वजांना कधीकाळी जहाजात कोंबून या किनाऱ्यावर आणलं होतं, आणि पुढच्या पिढ्यांनी हाडांची काडं करून तिला ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचवलं होतं.

या घरात तिला कुणी वाकडा शब्द बोललं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. उलट सगळे फार गोड बोलत. "तुझं बोलणं किती शुद्ध आहे गं!" नणंद म्हणायची, जणू हिने काही जादूच करून दाखवली होती. सासूबाई न सांगता तिच्यासाठी दूध गरम करून ठेवायच्या. फक्त लग्नाचा फोटो अजून दिवाणखान्यात लागला नव्हता. मनासारखी फ्रेम मिळत नव्हती म्हणे.

दर रविवारी घरी पाहुणे जेवायला असत. पहिल्या रविवारी डॉक्टर रात्रपाळी करून सकाळी उशिरा घरी आली. सासूबाई जिन्यातच भेटल्या.

"अगं, डोळे बघ कसे ओढलेत तुझे! वर मागच्या खोलीत पड जराशी. तिथं खालची गडबड ऐकू येत नाही. पाहुण्यांचं काय मेलं, ते काय पळून जातायत?"

डॉक्टरला भरून आलं. आपली आईसुद्धा हेच म्हणाली असती, असं वाटलं. ती वर गेली.

स्वयंपाकघराच्या बरोबर वरची ती खोली लहानशी होती. एक अरुंद खाट, एक खुर्ची, मागच्या अंगणावर उघडणारी खिडकी. एका भिंतीत दार होतं, पण भिंतीच्याच पांढऱ्या रंगात रंगवून टाकलेलं. फटीसुद्धा रंगाने बुजून गेलेल्या. ती आडवी झाली. डोळा लागणार एवढ्यात तिला श्वास ऐकू आला.

त्या दारापलीकडून येत होता. संथ, जरा जास्तच संथ. कुणीतरी जागं होतं आणि झोपल्यासारखं करत होतं.

खाली बेल वाजली. श्वास थांबला.

पाहुण्यांचे आवाज आले, हसणं आलं, मग दिवाणखान्याचं दार लागलं. तेव्हा कुठे तो श्वास सुटला. हळूच, चोरून.

२

"पाइप असेल गं," नवरा म्हणाला. "गरम पाण्याचा. लहानपणी मी आणि ताई म्हणायचो, भिंत दमलीय."

"बेल वाजली की पाइप गप्प होतो?"

"चांगल्या वळणाचा पाइप आहे. पाहुण्यांसमोर बोलत नाही."

डॉक्टर हसली. तिचा नवरा हवामान खात्यात होता. दिवसभर 'शक्यता आहे', 'संभव आहे' असं लिहून लिहून त्या माणसाची जीभच तशी वळली होती. पाऊस डोक्यावर पडत असला तरी तो 'पडतोय' म्हणायला कचरायचा. माणूस मात्र लाख. तिच्यावर जीव टाकायचा. फक्त घरात काही खटकलं आणि तिने बोलून दाखवलं, की म्हणायचा, "आईचा हेतू वाईट नसतो गं." आणि ते खरंही असायचं. पंचाईत तीच होती.

तरी तिच्या मनाचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात गेली. नणंद तेव्हा नळाखाली बुटांचा चिखल धूत होती.

"ताई, वरच्या त्या रंगवलेल्या दाराच्या मागे काय आहे?"

"मागे? काही नाही. पूर्वी इथून बाहेरून जिना होता, कामाच्या माणसांसाठी. स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा पाडला आणि दार विटांनी बंद केलं. ते बघ ना, दिसतंय."

दिसत होतं. वरच्या मजल्यावर, दाराच्या आकाराचा एक तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा किंचित जास्त पांढरा होता. खाली काही नाही, बाजूला काही नाही, कठडा नाही, खोबण नाही. म्हणजे दार, त्यामागे विटा, आणि विटांमागे मोकळी हवा. माणसाला पाय ठेवायला बोटभर जागा नव्हती.

"का गं?" नणंदेने विचारलं.

"काही नाही. पाइपचा आवाज येतो."

"त्या भिंतीत पाइप नाही," नणंद बूट झटकत म्हणाली. "मी नकाशा केलाय ना या घराचा."

३

पुढच्या रविवारी डॉक्टरची छान झोप झाली होती. तिने आवडता पिवळा ड्रेस घातला, केस मोकळे सोडले आणि ती गुणगुणत खाली आली. ती शेवटच्या पायरीवर असतानाच बेल वाजली, म्हणून तिनेच दार उघडलं.

दारात सासऱ्यांचे जुने मित्र होते, एक नामांकित वकील. त्यांनी अंगातला कोट काढला, तिच्या हातात दिला, वर टोपी ठेवली आणि तिच्याकडे न बघता आत शिरले. "ओला आहे, नीट वाळत घाल हं," जाता जाता म्हणाले. आवाजात खरोखर मायाच होती.

डॉक्टर कोट घेऊन उभी राहिली. समोर सासूबाई होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. एक क्षण त्यांचा चेहरा असा झाला की आता त्या काहीतरी बोलणार. मग तो पुन्हा नीट झाला.

"या, या, किती दिवसांनी!" त्या वकिलांना म्हणाल्या. मग जवळ येऊन, खालच्या आवाजात, "दे तो इकडे. मनाला लावून घेऊ नकोस हं, त्यांना दिसत नाही हल्ली नीट. तू असं कर, वर जाऊन बस. सगळी जुनी मंडळी, तेच ते किस्से, उगाच कंटाळशील. मी ताट पाठवते वर."

भांडायचं तर भांडणाला काहीतरी टोक लागतं. या बोलण्याला टोकच नव्हतं. सगळीकडून कसं गोल, मऊ. डॉक्टर वर गेली. पायऱ्या चढताना तिला जाणवलं की आपण पाय न वाजवता चढतोय.

खोलीत श्वास चालूच होता.

या वेळी ती घाबरली नाही, चिडली होती. भुतंखेतं मानणाऱ्यांतली ती नव्हतीच. आवाज आहे म्हणजे कारण आहे, असं तिने स्वतःला बजावलं. कदाचित आपलाच श्वास भिंतीवर आपटून परत येत असेल. तिने खुर्ची दाराजवळ ओढली, कान लावला आणि मुद्दाम भराभर श्वास घेतला. पलीकडचा संथच राहिला. तिने आपला हळू केला, पलीकडच्या चालीवर आणला. मग दोन्ही श्वास एका लयीत चालू लागले आणि थोड्या वेळाने कोणता कुणाचा ते कळेनासं झालं.

बेल वाजली.

एकदम शांतता. खाली दार उघडलं, कुणाचं तरी गडगडाटी हसू वर आलं आणि विरलं. खोली जणू कान टवकारून बसली होती. आणि मग डॉक्टरच्या लक्षात आलं की गप्प फक्त पलीकडचं माणूस झालेलं नाही. तिचीही छाती दुखत होती. तिनेही श्वास धरला होता.

४

त्यानंतर ती गोष्ट घराबाहेरही तिच्या मागे लागली.

हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये कुणी चढलं की ती कोपऱ्यात सरकायची. मोठे सर्जन आले की बोलता बोलता थांबायची. एकदा ऑपरेशन संपल्यावर थिएटरच्या सिस्टर तिच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "डॉक्टर, पेशंटला श्वास घ्यायची आठवण करून देता तशी स्वतःलाही देत जा. मघापासून तुमचा श्वास बंद होता."

आईचा फोन आला तेव्हा तर आईने मध्येच विचारलं, "तू इतकी हळू का बोलतेयस? कुणी झोपलंय का शेजारी?"

"नाही गं."

"मग मोठ्याने बोल. माझी पोरगी भांडखोर होती. ही कोण बोलतेय कुजबुजल्यासारखं?"

डॉक्टरने फोन ठेवला आणि ती बराच वेळ आरशासमोर उभी राहिली. आरशात तीच होती. तरी ती जरा मागे उभी असल्यासारखी वाटली.

त्याच आठवड्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा 'शक्यता' हा शब्द न वापरता घरात बातमी सांगितली. घर उजळून निघालं. सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो काही केल्या उचलेनात. डोळे पुसून म्हणाले, "मी आजोबा होणार! यावर अपील नाही." नणंदेने तिला मिठीच मारली.

"आणि काळजी करू नकोस हं," नणंद तिच्या कानाशी प्रेमाने म्हणाली. "आमच्याकडची मुलं बापाच्याच रंगावर जातात."

दोन दिवसांनी डॉक्टर संध्याकाळी घरी आली तर वरून सामान सरकवल्याचा आवाज येत होता. ती आवाजाच्या मागे गेली. मागच्या खोलीत खाटेच्या जागी एक पाळणा होता. लाकडी, जुना, सुरेख. सासूबाई गुडघ्यांवर बसून त्याच्या काठ्या ओल्या फडक्याने पुसत होत्या.

"आलीस? बघ, माळ्यावरून काढला. बाळासाठी ही खोली किती छान आहे, नाही? शांत. पाहुणे असले की बाळाला त्रास नको."

"पाहुण्यांना बाळाचा त्रास नको," डॉक्टर म्हणाली. ते तिने विचारलं होतं की सांगितलं होतं, तिचं तिलाच कळलं नाही.

सासूबाईंचं फडकं थांबलं नाही. बाहेर दिवसभर झिमझिम होती आणि हवा दमट झाली होती. सासूबाईंचे केस नेहमी पार्लरमध्ये जाऊन सरळ करून आणलेले, चापूनचोपून बसवलेले असत. आज त्यांच्या कानशिलांवर ते सुटले होते. तिथं बारीक, घट्ट कुरळ्या बटा गोळा झाल्या होत्या. डॉक्टर त्या बटांकडे बघतच राहिली. तसे केस ती रोज सकाळी स्वतःच्या डोक्यावर विंचरत होती.

"आई," तिने विचारलं, "या खोलीत पूर्वी कोण राहायचं?"

"कुणी नाही."

"या दारापलीकडे कुणीतरी श्वास घेतं. रविवारी."

सासूबाईंनी वर पाहिलं नाही. "आम्हा मुलांना इथं यायची बंदी होती," त्या हळूच म्हणाल्या. "पाहुणे असले की. बरं नसायचं कुणाला तरी."

"कुणाला?"

"मी लहान होते गं. आठवत नाही." त्या उठल्या. फडकं पिळायला निघाल्या. दारात थांबून, मागे न वळता त्या म्हणाल्या, "तुला ऐकू येतं?"

"तुम्हाला येतं का?"

सासूबाई फडकं घेऊन खाली गेल्या.

५

पुढचा रविवार सासऱ्यांच्या वाढदिवसाचा. मोठं जेवण होतं. जज्ज, वकील, प्राध्यापक, अर्धं शहर येणार होतं. सकाळपासून घरात काचेची भांडी किणकिणत होती.

नवरा टाय बांधताना म्हणाला, "तू खाली येशील ना?"

"आईंनी काय सांगितलंय?"

त्याने टायची गाठ सोडली आणि पुन्हा घातली. "म्हणाली, तुला दगदग नको. या दिवसांत. वर ताट पाठवते म्हणाली."

"आणि तू काय म्हणालास?"

त्याचं तोंड उतरलं. डॉक्टरला त्याची कीव आली आणि रागही आला. पण खरा राग तिला स्वतःच्या पायांचा आला. कारण ते आधीच मागच्या खोलीकडे वळले होते. कुणी ढकललं नव्हतं की ओढलं नव्हतं. सवय झाली होती, बस.

खोलीत पाळण्यात स्वच्छ चादर घातली होती. चादरीवर पांढऱ्या रंगाचे पापुद्रे पडले होते. तिने वर पाहिलं. दाराच्या कडेने, वरपासून खालपर्यंत, रंगाला बारीक चीर गेली होती. कुणीतरी कडा सुरीने कापून घ्याव्यात तशी सरळ.

पलीकडे श्वास होता. आज तो अगदी जवळ होता, दाराला टेकून उभं राहिल्यासारखा.

बेल वाजली आणि तो थांबला. पहिला पाहुणा आत गेला, पण श्वास सुटायच्या आत पुन्हा बेल वाजली. मग आणखी एकदा. पाहुणे येतच होते. आवाजावर आवाज चढत होते, कोट निघत होते, अभिनंदन चाललं होतं, आणि पलीकडचं माणूस श्वास धरून उभं होतं. डॉक्टरही धरून उभी होती. तिच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. माणूस किती वेळ असं राहू शकतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती वेळ कधीच टळून गेली होती. आता पेशंट निळा पडतो. आता यंत्र ओरडायला लागतं. तिचा एक हात पोटावर होता. तिथला तेवढासा जीवही आपल्याबरोबर श्वास कोंडून बसलाय, हे तिच्या मनात आलं.

मग तिने तेच केलं जे ती रोज करत होती. भुलेतून बाहेर येणाऱ्या माणसाच्या कानाशी वाकून, ठणठणीत आवाजात, जसं म्हणायची तसं ती दाराला म्हणाली:

"श्वास घ्या! ऐकताय ना? मोठा श्वास घ्या!"

तो घेतला गेला. बुडालेलं माणूस पाण्यावर येऊन घेतं तसा, आवाज करत, छातीभर. तो दोन छात्यांमधून आला होता आणि त्यातली एकच छाती तिची होती.

दार बोटभर उघडलं.

मागे विटा नव्हत्या. काय होतं ते तिला सांगता आलं नसतं, कारण तिचं लक्ष फक्त कडीवरच्या हाताकडे गेलं. बाहीला बारीक लेस होती, कडक इस्त्रीची, ठेवणीतल्या पोशाखाची. हात म्हातारा होता, नखं नीट कापलेली, आणि तिच्या हाताइतकाच काळा. पाहुण्यांसमोर जायची सगळी तयारी करून, बोलावणं येईल म्हणून थांबलेल्या माणसाचा हात.

इतका वेळ दाटून बसलेली भीती तिच्या अंगातून गेली नाही, पण तिची जात बदलली. आपण हिला भीत होतो, आणि ही बिचारी खालच्यांना भीत होती.

"चला," डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज फुटला, तरी ती कुजबुजली नाही. "चला, आपण खाली जाऊ."

६

ती पुढच्या, मोठ्या जिन्याने उतरली. पाय वाजवत. मागून आणखी एक पाऊल वाजत होतं, जरा जड, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी घेणारं. तिने वळून पाहिलं नाही. वळून बघितलं तर काय दिसेल याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी, की वळलो तर त्या माणसाला वाटेल आपण खात्री करतोय, आणि ते लाजून परत जाईल.

जेवणघराचं दार तिने दोन्ही हातांनी उघडलं.

लांबलचक टेबल, पांढरी चादर, सुपाच्या वाफा. बोलणं एकेक करून थांबत गेलं. वाढदिवसाची टोपी घातलेले सासरे मान वर करून बघू लागले. नणंदेचा चमचा हवेतच राहिला. टेबलाच्या टोकाला सासूबाई बसल्या होत्या. त्या डॉक्टरकडे बघत नव्हत्या. तिच्या खांद्यावरून मागे, काहीशा खाली बघत होत्या, आणि बघता बघता त्यांचा करारी, प्राचार्यांचा चेहरा उलगडत गेला. पार लहान मुलीसारखा झाला.

त्या उठल्या. भिंतीजवळची एक खुर्ची ओढून त्यांनी टेबलाशी आणली. मग दुसरी आणली.

"अगं, एकच पुरे आहे," सासरे गोंधळून म्हणाले. "सूनबाई एकटीच तर..."

"तुम्ही सरका," सासूबाई म्हणाल्या.

न्यायाधीश सरकले. वकीलसाहेबांनीही आपलं कोपर आत घेतलं आणि खुर्ची बाजूला केली, शेजारी कुणी बसायला आलं की करतात तशी. आपण असं का केलं हे त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. डॉक्टर बसली. शेजारची खुर्ची कुरकुरली.

"माफ करा, पण या कोण?" वकिलांनी आपल्या चष्म्यातून डॉक्टरकडे बघत विचारलं.

तेवढ्यात तिचा नवरा त्याच्या जागेवरून उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ही माझी बायको," तो म्हणाला. "डॉक्टर आहे. लग्नाला वर्ष होत आलं, आणि दर रविवारी आम्ही हिला वर बसवतो. तुम्ही हिच्या हातात कोट दिला होता, काका. चूक तुमची एकट्याची नाही. मी तेव्हा घरातच होतो आणि नंतर तिने सांगितलं तेव्हा म्हणालो, त्यांचा हेतू वाईट नसेल." तो थांबला. सगळ्यांना वाटलं, आता हा 'कदाचित' म्हणणार. "ते वाईटच होतं," तो म्हणाला. "यात शंका नाही."

कुणीतरी खाकरलं. वकील उठून उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. "बाई," ते डॉक्टरला म्हणाले, "मला खरंच... मी बघितलंच नाही तुमच्याकडे."

"हो," डॉक्टर म्हणाली. "आज बघताय. सूप द्या इकडे."

कुणाला तरी हसू आवरलं नाही आणि टेबल हललं. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. काहीजण सबंध जेवणभर आपल्या ताटाशीच बोलत राहिले. एक जोडपं फळं यायच्या आधीच उठून गेलं. त्यांना निरोप द्यायला सासूबाई दारापर्यंत गेल्या नाहीत. त्या दुसऱ्या खुर्चीसमोर सूप वाढत होत्या. वाढताना वाकून विचारत होत्या, "पुरे?" आणि कान देऊन उत्तर ऐकल्यासारखं करून आणखी एक पळी घालत होत्या. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी एकमेकांकडे बघितलं, पण विचारलं कुणी नाही.

जेवणानंतर मंडळी चहाचे कप घेऊन बागेत गेली. बायकांचा एक घोळका डॉक्टरला बाळंतपणाच्या सूचना देऊ लागला. त्यातून कशीबशी सुटून ती आत आली तर सासूबाई मोठ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. ठेवणीतल्या कपड्यांत, जमिनीवर पाय सोडून. त्यांना असं बसलेलं या घरात कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टर त्यांच्या शेजारी टेकली. वरच्या मजल्यावर अगदी शांत होतं. मोकळी, साधी शांतता.

"मला आठवत होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुला खोटं सांगितलं मी. सगळं आठवत होतं."

"तुम्ही काय म्हणायचात त्यांना?"

सासूबाईंचे ओठ हलले. शब्द इतकी वर्षं वापरला नव्हता, की तो बाहेर यायला वेळ लागला.

"आजी म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पण दार लावलेलं असलं तरच. पाहुणे असले की नाही."

मग परवानगी मागावी तसं त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने मान हलवली. सासूबाईंनी श्वास घेतला, जिन्याकडे तोंड केलं आणि हाक मारली.

"आजी!"

बागेतलं बोलणं थांबलं. हातात कप धरलेली माणसं वळून आत बघू लागली. सासऱ्यांनी खिडकीतून डोकं घालून विचारलं, "अगं, कुणाला हाक मारतेस?"

सासूबाईंनी पुन्हा हाक मारली. आधीपेक्षा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.